तेल, साखर, माचिस

दिवाळीच्या सुट्या संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एका कंपनीचे गृहस्थ आले. बॅगेत दोन काळे व्हीआर चष्मे, म्हणजे डोळ्यांवर चढवले की आभासी जग दाखवणारे, एक टॅब आणि रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा. चंचल मुलांसाठी, विशेषतः एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) असलेल्या मुलांसाठी, हे प्रशिक्षण आहे, असं त्यांनी सांगितलं. रोज वीस मिनिटं चष्मा लावायचा, आत दिसणारे खेळ खेळायचे आणि काही आठवड्यांत मुलाचं लक्ष, स्मरण, विचार करून वागण्याची ताकद वाढते, असं त्यांचं म्हणणं.

कापसाची वेचणी ऐन भरात होती. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे शाळेत गेलेला प्रत्येक तास आईच्या कमाईतून वजा होतो. तरी माझ्या चौथीतल्या एका मुलाची आई शेतातून थेट आली, कमरेची ओटीसुद्धा न सोडता. हा मुलगा म्हणजे पायाला भिंगरी. फळ्यावरची ओळ अर्धी उतरवतो आणि उठतो. दुसऱ्याची पाटी बघायला जातो, तिथून खिडकीशी, तिथून पाण्याच्या माठाशी. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर ओरडतो, आणि बरेचदा ते बरोबर असतं. त्या दिवशी त्याने चष्मा लावला आणि बारा मिनिटं जागचा हलला नाही. निळा गोळा आला की बटण दाबायचं, लाल आला की हात आवरायचा. टॅबवर त्याचे गुण वाढताना सगळे बघत होते. मीही बघत होते आणि माझाही जीव हरखला होता, कारण चार वर्षांत मी त्याला इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं.

त्याच्या आईने एकच विचारलं, "मॅडम, हे डब्बं लावल्यावर हा दुकानातून तिन्ही जिन्नस आणीन का? तेल, साखर, माचिस सांगतलं तर साखर घेऊन येते न् बाकीचं इसरते."

गृहस्थ म्हणाले, हळूहळू फरक पडेल. ती मान हलवून परत शेतात गेली. मला मात्र तिच्या प्रश्नाने पुढचे कित्येक दिवस सोडलं नाही. मी जे जे वाचू शकले ते वाचलं, आणि माझं मत ठाम झालं: लक्षाचं प्रशिक्षण म्हणून हे चष्मे आज आमच्या शाळांसाठी घेऊ नयेत. त्याचं कारण त्या बाईच्या प्रश्नातच आहे.

आधी या कल्पनेला तिचं न्याय्य श्रेय देते. एडीएचडीच्या मुलाला 'मुद्दाम करतो' म्हणणं चूक आहे. हातातली गोष्ट डोक्यात धरून ठेवणं, मनात आलेली कृती क्षणभर रोखणं, एका कामावरून दुसऱ्यावर वळणं, ही मेंदूची कामं त्याला इतरांपेक्षा जड जातात. मग या कामांचाच सराव दिला तर? विचार सरळ आहे. व्यायामाने दंड भरतो तसा सरावाने हा भाग बळकट होईल, ही आशा खोटारडी नाही, प्रामाणिक शास्त्रज्ञांनी ती बाळगली आहे. साधारण २००० सालच्या सुमारास अमेरिकेत आल्बर्ट रिझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चष्म्यातला वर्ग तयार केला. मूल आभासी बाकावर बसतं, समोरच्या फळ्यावर अक्षरं येतात, ठरलेलं अक्षर आलं की बटण दाबायचं. मध्येच कागदी विमान उडतं, खिडकीबाहेरून गाडी जाते, कुणाची तरी पावलं वाजतात. मूल किती वेळा चुकलं, किती उशिरा दाबलं, मान किती वेळा वळली, हे सगळं यंत्र मोजतं. मुलाला एका शांत खोलीत बसवून तपासण्यापेक्षा हे वर्गाच्या जास्त जवळ जातं. तपासणीचं साधन म्हणून मला ही गोष्ट मोलाची वाटते.

मोजणं आणि बरं करणं यांत मात्र अंतर आहे. ताप मोजल्याने ताप उतरत नाही.

सरावाने लक्ष सुधारतं का, याचा शोध चष्म्यांच्या आधीपासून संगणकावरच्या खेळांनी सुरू होता. स्वीडनमध्ये टोर्केल क्लिंगबर्ग यांनी २००२ आणि २००५ साली एडीएचडीच्या मुलांवर स्मरणाच्या सरावाचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि जगभर आशा वाढली. पुढे मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी असे अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडला. मुलं ज्या प्रकारच्या खेळाचा सराव करतात, त्या प्रकारच्या खेळात सुधारतात, तीही काही काळ. वाचन, गणित, वर्गातलं लक्ष यांपर्यंत ती सुधारणा पोचल्याचं दिसत नाही. २०१५ साली सॅम्युएल कोर्तेसे आणि सहकाऱ्यांनी फक्त एडीएचडीच्या मुलांवरचे प्रयोग तपासले. मुलाला प्रशिक्षण मिळालंय हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना मुलात बराच फरक दिसला. ज्यांना ते ठाऊक नव्हतं, त्यांना फारच थोडा. आईबापांची यात लबाडी नाही. लेकरासाठी वेळ घातला, पैसा घातला, तर डोळे आपोआप सुधारणा शोधतात. माझेही शोधत होते, त्या बारा मिनिटांत.

सगळ्यात बोलकं उदाहरण २०२० सालचं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या वर्षी जूनमध्ये ८ ते १२ वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी एका टॅबवरच्या खेळाला परवानगी दिली, त्याचं नाव एन्डेव्हरआरएक्स. तो चष्म्यातला खेळ नव्हे, पण कल्पना तीच. त्यामागच्या मोठ्या प्रयोगात ३४८ मुलं होती. काहींना हा खेळ दिला, बाकीच्यांना शब्दांचा एक साधा खेळ. रोज पंचवीस मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, चार आठवडे. संगणकावरच्या लक्षाच्या चाचणीत खऱ्या खेळाची मुलं पुढे गेली. पण घरातल्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं, तेव्हा दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा निघाली. परवानगी देतानाही हा खेळ एकटा उपचार म्हणून वापरायचा नाही, बाकीच्या उपचारांच्या जोडीला वापरायचा, अशी अट होती. म्हणजे चाचणीतलं निळं-लाल जमलं. तेल-साखर-माचिसचं काय, त्याचं उत्तर मिळालं नाही.

व्हीआरचे म्हणून जे वेगळे प्रयोग झाले, त्यांतले बहुतेक लहान, थोड्या मुलांवरचे, थोड्या आठवड्यांचे. काहींत लक्षाच्या चाचण्यांत चांगला फरक दिसतो. मी ते नाकारत नाही. उद्या चांगले, मोठे प्रयोग होऊन फायदा सिद्ध झाला तर मी पहिली टाळ्या वाजवीन. पण विकणारा आज 'सिद्ध झालंय' म्हणत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे धावतोय.

वयाचंही बघा. चष्मा बनवणाऱ्या मेटा कंपनीची स्वतःचीच किमान वयाची अट आधी १३ वर्षं होती, २०२३ साली त्यांनी ती १० वर आणली. पहिली ते चौथीतली आमची बहुतेक मुलं दहाच्या आतली. अर्धा किलोच्या आसपास वजनाचा चष्मा, मोठ्या माणसाच्या डोळ्यांमधल्या अंतरानुसार बेतलेला, आणि काही मुलांना त्यात मळमळतं, गरगरतं. शिवाय तो एकच चष्मा तीस चेहऱ्यांवर फिरणार. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा वर्गातली निम्मी मुलं लाल डोळ्यांनी घरी बसलेली मला आठवतात.

पण माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. ही योजना एक गोष्ट गृहीत धरते: मुलाला एडीएचडी आहे हे कुणीतरी नीट ठरवलंय. आमच्याकडे नेमकं तेच होत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. शांत, नीटनेटकी, पण मध्येच हरवायची. हाक मारली तर ऐकायची नाही, काही सेकंदांनी एकदम जागी व्हायची आणि काय चाललंय म्हणून बावरून बघायची. 'लक्ष नाही' हा शेरा तिच्या वहीत मीच लिहिला होता. शाळेत फुगे फुगवायचा खेळ ठेवला, तेव्हा ती तीन-चार जोराच्या फुंका मारून थिजली. फुगा हातात, डोळे उघडे, पापण्या फडफडताहेत, हवा सूं करून निघून गेली तरी तिला पत्ता नाही. दहा-बारा सेकंदांनी तिने तोच फुगा पुन्हा तोंडाला लावला, काही झालंच नसल्यासारखा. मी तिच्या वडिलांना बोलावलं. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी तिला भराभर श्वास घ्यायला लावून तेच पुन्हा पाहिलं, मेंदूचा आलेख काढला. ती फिट होती. हातपाय न झाडणारी, क्षणभराची फिट, दिवसातून कितीतरी वेळा येणारी. गोळ्या सुरू झाल्या आणि 'लक्ष नसलेली' मुलगी दोन महिन्यांत पाढे म्हणू लागली. तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवून निळे-लाल गोळे दाखवले असते, तर यंत्राने तिचे गुण कमी दाखवले असते आणि आम्ही आणखी वीस मिनिटं वाढवली असती.

लक्ष न लागण्यामागे कमी दिसणं असतं, कमी ऐकू येणं असतं, रक्त कमी असणं असतं, थायरॉइड असतो, रात्री नीट झोप नसणं असतं, घरातली भांडणं असतात. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलंही आहेत, दुखण्याने आणि थकव्याने गळून बसलेली. ही सगळी कारणं दूर ठेवूनच एडीएचडी म्हणता येतं. लक्षणं निदान सहा महिने हवीत, बाराव्या वर्षाआधी दिसलेली हवीत, आणि शाळा-घर अशा दोन तरी ठिकाणी दिसायला हवीत. म्हणून हे निदान एका तपासणीत, एका दुपारी होत नाही.

सरकारी व्यवस्थेत यासाठी जागा केलेली आहे, हे पालकांना क्वचितच माहीत असतं. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या आजारांसाठी मुलं तपासायची, त्या यादीत एडीएचडी आहे. आपण ज्याला आरबीएसकेची गाडी म्हणतो, ती शाळेत वर्षातून एकदा येते, आणि संशय आला तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. पण वर्षातून एका दिवशी, रांगेत उभं राहून जीभ दाखवणारं मूल चंचल कसं दिसणार? त्या दिवशी तर तो भिंगरीवाला मुलगाही नव्या माणसांपुढे गप्प उभा असतो. डॉक्टरांना वर्षभराची हकीकत सांगायला हवी, आणि ती शिक्षकाकडेच असते. मी आता अशा प्रत्येक मुलामागे एक वही ठेवते. कधी उठला, कशानंतर उठला, काय केलं तर परत बसला. तपासणीच्या दिवशी ती वही डॉक्टरांच्या हातात देते. माझ्या मते कुठल्याही चष्म्याआधी पैसा इथे लागावा: शाळांच्या प्रत्येक केंद्रात निदान एका शिक्षकाला अशी नोंद शिकवण्यावर, आणि जिल्ह्याच्या हस्तक्षेप केंद्रात मुलांच्या मनाचा जाणकार आठवड्यातून ठरलेल्या वारी भेटेल, यावर. मुलींसाठी तर हे फारच गरजेचं आहे. मुलगा वर्ग डोक्यावर घेतो म्हणून दिसतो. मुलगी मागच्या रांगेत शांतपणे हरवते आणि मराठीत तिला आपण 'काय ध्यान आहे' म्हणून मोकळे होतो. जिचं ध्यान लागत नाही तिलाच ध्यान म्हणायचं, हा शब्द मला आता बोचतो.

कायद्यातही ही मुलं मधल्या फटीत पडतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी वेगळा नाही. औषधाचीही वाट अवघड. मिथिलफेनिडेट हे या आजारातलं सर्वात जास्त अभ्यासलेलं औषध आपल्याकडे अनुसूची एक्समध्ये येतं. दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानात जपून ठेवावी लागते. गैरवापर टाळायला हे हवंच, पण त्याचा अर्थ खेड्यातल्या बापाने महिन्याच्या गोळ्यांसाठी शहर गाठायचं. अमेरिकेत १९९९ साली ५७९ मुलांवरच्या मोठ्या अभ्यासात, नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने चौदा महिन्यांत मूळ लक्षणांवर सर्वात जास्त फरक पडला. औषधासोबत पालक आणि शाळेचं काम जोडलं, तेव्हा घरातले ताण आणि अभ्यास यांतही मदत दिसली. तीन वर्षांनी मात्र गटांतला फरक उरला नव्हता. मला त्यातून हे कळतं की कुठलाच उपाय एकदा करून संपत नाही. काही आठवड्यांचा चष्मा संपवील, असं मानायला मला तरी आधार सापडला नाही.

"म्हणजे खेड्यातल्या पोरांनी नवं काही बघूच नये का?" असं माझ्या एका सहकारी सरांनी मला विचारलं. ते मनापासून बोलत होते. नागपूर-पुण्याच्या मुलांना सगळं मिळतं आणि आमच्या मुलांना उरलंसुरलं, हा सल मलाही आहे. हृदयाचे कप्पे, समुद्र, ताऱ्यांचं आकाश दाखवायला चष्मा आणा, मोठ्या मुलांना दाखवा, माझी ना नाही. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. पण 'उपचार' म्हणून आणाल तर उपचाराला जो पुरावा मागतो तोच मागा. गरिबाच्या लेकराला अर्धा सिद्ध झालेला उपाय चालेल, या समजुतीला मी समता म्हणणार नाही.

आणि त्या आभासी वर्गाकडेही एकदा बघा. बाक, एक शिक्षिका, एक इयत्ता, बंद खिडक्या. आमच्या खोलीत तिसरी आणि चौथी एकत्र बसतात, सतरंजीवर. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज होतो की मला फळ्यावर लिहून शिकवावं लागतं. दाराशी शेळी येते, रस्त्याने कापसाचा ट्रॅक्टर जातो, खिचडीचा वास सुटला की सगळ्या वर्गाचं चित्त चुलीपाशी. या मुलाला लक्ष टिकवायचंय ते इथे. मग सराव इथेच का नको?

मी जे करते ते साधं आहे आणि यातलं बरंचसं जगभरच्या शाळांत तपासून झालेलं आहे. त्याला माझ्याजवळ बसवते, दार आणि खिडकीपासून दूर. एका वेळी एकच सूचना. दहा गणितांऐवजी तीन, ती झाली की दाखवायला यायचं, म्हणजे उठायची परवानगी कामातच मिळते. जमलं की त्याच क्षणी शाबासकी, संध्याकाळची वाट न बघता. रोज एक चिठ्ठी घरी जाते, तिच्यावर दोनच खुणा: हात वर करून बोलला का, तीन गणितं पुरी केली का. दोन्ही बरोबर असतील तर आई त्याला संध्याकाळी बैलांना पाणी दाखवायला सोबत नेते. त्याच्यासाठी तेच मोठं बक्षीस आहे. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली होती, "मारा न त्याले दोन, माहं काई म्हणणं नाही." आता ती चिठ्ठी ओटीत खोचून शेतात नेते.

वर्धा इथून दूर नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात तिथे शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिकवायची कल्पना, पुढची नई तालीम, तिथून निघाली. त्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी चंचल मुलांवर उत्तेजक औषधाचा अनपेक्षित चांगला परिणाम नोंदवला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता. पण मला दोन्ही हव्यात. ज्या मुलाला गरज आहे त्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली औषध, आणि त्याच मुलाला असा वर्ग जिथे हात हलवणं हा गुन्हा नाही. सुताने आणि मातीने एडीएचडी जात नाही, हे मला माहीत आहे. पण तुरीच्या दाण्यांचे दहा-दहाचे ढीग करताना हा मुलगा आता पंचवीस मिनिटं बसतो, आणि ते मी चष्म्याशिवाय, घड्याळ लावून पाहिलंय.

दुकानाचंही सांगते. आईला मी म्हटलं, जिन्नस सांगताना त्याची तीन बोटं दुमडून घ्या, एकेक वस्तू घेतली की एकेक बोट उघडायचं. पहिल्या दिवशी तो अर्ध्या वाटेत गोट्या खेळायला थांबला आणि बोटं कधी उघडली ते त्यालाच कळलं नाही. मग मनगटाला तीन गाठींचा दोरा बांधला. आता बहुतेक वेळा दोन जिन्नस येतात, कधी तीन. याला मी सिद्ध उपाय म्हणत नाही, एका मुलाची गोष्ट आहे. पण जिथे विसरायला होतं तिथेच आठवण ठेवली, एवढं त्यात आहे.

चष्म्याला माझा विरोध कायमचा नाही. विदर्भात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नागपूरला एम्स आहे, सेवाग्रामला १९६९ पासून ग्रामीण आरोग्याचं काम करणारी संस्था आहे. त्यांनी मराठी बोलणारी, खेड्यातली, नीट निदान झालेली मुलं घ्यावीत, चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत, कुणाला काय मिळालं हे शिक्षकाला कळू देऊ नये, आणि सहा महिन्यांनी घरात, वर्गात, दुकानात काय बदललं ते मोजावं. चष्म्याच्या आतले गुण मोजू नयेत. असा प्रयोग निघाला तर आमच्या केंद्रातल्या पालकांना समजावून सांगायला मी स्वतः दारोदार जाईन.

तोवर, ज्या पालकांना आज बोलायला कुणी नाही त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथून करता येते.

आमच्याकडे त्या चष्म्यांचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे. गावातून वर्गणी काढून दोन घ्यायचे आणि वर्षाचं शुल्क भरायचं, असं चाललंय. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बाया. त्या मुलाची आई यंदा समितीवर आहे. बैठक असली तरी ती सहसा कोपऱ्यात बसून सही करून निघते. मी तिला सांगितलंय, या वेळी वेचणीची सुट्टी घे, पुढे बस, आणि तो दुकानाचा प्रश्न सगळ्यांसमोर परत विचार.